खोकणारा बेंजो

अप्पाराव सरांशी वाद घालून जिंकलेला माणूस जालन्यात नव्हता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जिंकलेले होते, परंतु आपण जिंकलो हे त्यांना घरी पोचल्यावर उमगे, आणि तोवर सरांचा पुढचा मुद्दा त्यांच्या दारात येऊन उभा राहिलेला असे. सर हायस्कुलात विज्ञान शिकवीत, मस्तगडात दोन खोल्यांच्या घरात राहत, आणि कानावर पडलेले चुकीचे विधान त्यांना दुधात पडलेल्या माशीसारखे दिसे. माशी कोणाच्या पेल्यात पडली आहे, याला महत्त्व नव्हते. ती काढणे हे ते आपले कर्तव्य समजत.

या गृहस्थांच्या मनात एकच गोष्ट अशी होती, की जिच्यापुढे ते निमूट होत. ती म्हणजे हवाईयन गिटार. आकाशवाणीवर एखाद्या वक्त्याचे भाषण वेळेआधी आटोपले आणि पुढच्या कार्यक्रमाला दोनचार मिनिटे उरली, की ती रिकामी जागा भरण्यासाठी एक वाद्य वाजवीत. त्याचा स्वर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारीत नसे. परातीत ओतलेल्या काकवीचा धागा वाकत जावा, तसा तो न तुटता इकडून तिकडे जाई. अप्पाराव लहानपणापासून ते ऐकत आले होते. लोक कार्यक्रमासाठी रेडिओ लावीत. अप्पाराव दोन कार्यक्रमांमधल्या फटीसाठी लावीत, आणि कार्यक्रम सुरू झाला की बंद करीत.

ते वाद्य डोळ्यांनी पाहण्याचा योग तिशी उलटल्यावर औरंगाबादेस आला. एका ऑर्केस्ट्रात एक चष्मेवाला वादक खुर्चीवर बसून, गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातल्या चकचकीत लोखंडी सळईने तारांवरून स्वर सरकवीत होता. कार्यक्रम संपताच अप्पारावांनी त्याला पडद्यामागे गाठले आणि इतके प्रश्न विचारले, की अखेर त्याने व्यवस्थापकाला हाक मारली. तोवर जेवढे हाती लागायचे तेवढे लागले होते. रेडिओवरचा तो गोड स्वर पोकळ गिटारीचा नव्हे. तो भरीव लाकडाच्या, विजेवर वाजणाऱ्या, परदेशी बनावटीच्या जुन्या वाद्याचा. आणि तसले वाद्य आता दुकानात मिळत नाही, नशिबात असेल तर कुठे अडगळीत सापडते.

अप्पारावांनी नशिबाची तयारी आधीच करून ठेवली. रिरोलिंग मिलमध्ये लेथवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी बोटाएवढी पोलादी सळई कातून, घासून, आरशासारखी करून घेतली. मग जेवायच्या पाटावर खडूने सहा रेघा ओढल्या आणि रोज शाळेतून आल्यावर त्या मुक्या रेघांवरून ते सळई फिरवू लागले. सळई त्यांच्या खिशात किल्ल्यांबरोबर कायमची राहू लागली.

"लोक आधी बैल घेतात, मंग घुंगरं," त्यांची बायको बेबीनंदा म्हणे. "ह्यांनी घुंगरं घेऊन ठेवली अन् रिकाम्या गोठ्यात बसून बैलाची वाट बघून राह्यले."

सत्त्याऐंशी सालचा एप्रिल होता. भीमजयंतीचा उत्सव वाटूरच्या बाजूला एका दिवसात आटोपत नाही. आज एका गावची मिरवणूक, चार दिवसांनी दुसऱ्या गावची, असा तो महिनाभर चालतो, आणि तेवढे दिवस गायन पार्ट्यांना उसंत नसते. बेबीनंदाचा धाकटा भाऊ रामकिसन अशाच एका पार्टीचा मालक होता. वाटूरची समता गायन पार्टी म्हणजे रामकिसनचा गळा, त्याचाच बेंजो, संपतची ढोलकी, एक पेटी आणि बॅटरीवर चालणारा कर्णा. त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या गावी त्यांचा कार्यक्रम होता. तो ऐकायला म्हणून नवराबायको सकाळच्या एसटीने वाटूरला, तिच्या माहेरी, आले.

फाट्यावर उतरताना बेबीनंदाने नवऱ्याला ताकीद दिली. "तिथं कशाचीबी तारीफ करायची न्हाई. पाणी गोड हाय म्हणाले तर माय रांजण बांधून देईल."

ताकीद अनुभवातून आलेली होती. जावयाने सासरी एखाद्या वस्तूला चांगले म्हटले, की ती वस्तू त्याची झाली, असा त्या घरचा रिवाज होता, आणि सासूबाई केशरबाई तो कायद्यासारखा पाळीत. दोन वर्षांपूर्वी अप्पाराव एका शेळीला देखणी म्हणाले होते. ती शेळी त्यांच्याबरोबर एसटीच्या टपावरून मस्तगडला आली, आणि शेजाऱ्यांची तुळशीची रोपे भरून देता देता सरांच्या नाकी नऊ आले. या रिवाजाची दुसरी बाजू अशी, की जावयाकडून कशाचा मोबदला घ्यायचा नाही. म्हणजे सासरी अप्पारावांना काही मागता येत नव्हते, आणि विकत तर मुळीच घेता येत नव्हते.

केशरबाई ओसरीवर सुपात डाळ निवडीत बसल्या होत्या. जावयासाठी बाजेवर नवी सतरंजी अंथरली गेली, चहा आला, जयभीम झाले. रामकिसन खांबाशी टेकून एका निळ्या फळीवरच्या बटणांना तेल घालीत होता आणि पुटपुटत होता.

"काय झाले?" अप्पारावांनी विचारले.

"बेंजो, दाजी. खोकून राह्यला. परवा ऐन गाण्यात मागून एक जण वरडला, आधी बेंजोला काढा पाजा. सगळा मांडव हसला." त्याने एक बटण दाबले. तारेतून 'खर्र' असा आवाज आला. "उद्या तुमच्यासंगंच जालन्याला येतो. दुकानदार म्हणला, हे दे अन् वरून थोडं घाल, नवा बेंजो देतो. ह्याचा लोहचुंबक अन् खुंट्या तेवढ्या त्याच्या कामाच्या. लाकूड चुलीला."

अप्पारावांनी सहज म्हणून फळीकडे पाहिले, आणि चहाची बशी त्यांच्या हातात वाकडी झाली.

बेंजो त्यांनी शेकडो पाहिले होते. आडवी लाकडी पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टंकयंत्रासारखी बटणे. बटण दाबले की तार दाबली जाते आणि स्वर निघतो. समोर होती ती मात्र पेटी नव्हती. ती आत-बाहेर एकाच लाकडाची, हातभर लांब, कंबरेत किंचित निमुळती फळी होती. तिच्यावर निळा ऑइलपेंट फासला होता आणि पांढऱ्या अक्षरांत पार्टीचे नाव लिहिले होते. डोक्याशी सहा खुंट्या होत्या; तारा दोनच. आणि तारांवरून घोड्याच्या नालेसारखी एक जाड लोखंडी कमान गेली होती, जिच्याविषयी औरंगाबादचा चष्मेवाला व्यवस्थापकाला हाक मारण्याच्या क्षणापर्यंत बोलत होता.

ज्याची वाट अप्पारावांनी पाटावर खडू घासून पाहिली, ते वाद्य तीन हातांवर तेल पीत पडले होते आणि उद्या चुलीत जाणार होते. त्यांनी मनातल्या मनात मांडणी केली. खरे सांगावे, तर सासूबाई ते फुकट देतील आणि ऐन हंगामात पार्टी वाद्यावाचून बसेल. हे घेणे नव्हे, लुटणे. विकत मागावे, तर अपमान. मधला मार्ग एकच.

"मीच नेतो ना," ते शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले. "दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. तू कशाला खेटे घालतोस? मी नवा बेंजो घेऊन पाठवून देईन. हे असले... हे काही ठेवण्याजोगे नाही."

बेबीनंदाने चमकून नवऱ्याकडे पाहिले. हा माणूस एका वस्तूला वाईट म्हणत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. तिची नजर निळ्या फळीवरून नवऱ्याच्या खिशावर गेली, आणि तिला सगळे समजले. पदर सारखा करून ती बाजेच्या टोकाला, नवऱ्याला कोपर लागेल इतक्या अंतरावर येऊन बसली.

"लईच बेस होईल, दाजी," रामकिसन खूश होऊन म्हणाला. "माझी एक खेप वाचली. न्या उद्या सकाळी."

व्यवहार झाला होता. अप्पारावांनी चहाचा शेवटचा घोट घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत तोंड मिटून बसायचे, एवढेच उरले होते. तेवढ्यात रामकिसनने फळी बाजूला ठेवता ठेवता एक वाक्य उच्चारले.

"तसा दोष माझ्या हाताचा न्हाई. कारागीरच येडा. एवढा भारी बेंजो बनवला अन् त्याला बटनं बसवायचीच इसरला. मी भंगारातून घेतला तवा बिनबटनाचाच होता. मंग मोडक्या बेंजोची बटनं काढून सुताराकून ह्याला ठोकून घेतली."

बेबीनंदाचे कोपर नवऱ्याच्या बरगडीत बसले. अप्पारावांनी ओठ आवळले. त्यांनी डाळीकडे पाहिले, छपराकडे पाहिले, रांजणाकडे पाहिले. कारागीर विसरला. एक माणूस एवढे सुबक लाकूड घडवतो, त्यात चुंबक बसवतो, आणि बटणे विसरतो.

"कारागीर विसरला नाही," ते म्हणाले.

"गप बसा," बेबीनंदा ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"कारागीर विसरला नाही," अप्पाराव पुन्हा म्हणाले. आता त्यांना स्वतःलाही अडवता येत नव्हते. "विसरलेल्या गोष्टीची जागा तरी रिकामी दिसायला हवी. रामकिसन, तुझ्या सुताराने मारलेल्या स्क्रूंखेरीज या फळीवर बटणांसाठी दुसरे एखादे भोक आहे?"

रामकिसनने वाकून पाहिले. "न्हाई."

"या आडव्या रेघा पाहा. बेंजोत तिथे वर उठलेल्या पट्ट्या असतात, हाताला लागतात. इथे बोट फिरव."

"गुळगुळीत हायत. नुसत्या रंगानं काढलेल्या."

"आणि तारा इतक्या उंच का?"

"त्ये मलाबी कळंना. दाबून दाबून बोटं सोलली. खाली लाकडापर्यंत नेली तवा कुठं वाजतो, त्योबी खोकत."

"कारण त्या दाबण्यासाठी नाहीतच. आता मला सांग, ही कमान कशासाठी आहे?"

"ती मूठ हाय," रामकिसन तत्काळ म्हणाला. "उचलायला. सहा वर्षं तिलाच धरून उचलून राह्यलो."

अप्पारावांनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी बायकोपुढे हात केला. बेबीनंदाने सुस्कारा सोडून हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. गाडी आता उताराला लागली होती, हे तिने ओळखले होते. पिन कमानीपाशी नेताच टच्च करून चिकटली.

"मूठ नव्हे. हेच चुंबक. तारेचा कंप हे विजेत बदलते, आणि ती वीज तुझ्या कर्ण्यात जाते. आता खालचे हे तपकिरी बटण. प्लास्टिक नव्हे, बॅकेलाइट. पाठीमागची पट्टी काढ." पट्टी निघाली. आत सुताने मढवलेली तार होती. "प्लास्टिकची वायर सर्रास होण्याआधीचे हे काम. म्हणजे हे वाद्य माझ्याएवढे तरी जुने असले पाहिजे. मिळाले कोणाकडून?"

"जालन्याच्या भंगारवाल्याकून. तो म्हणला, रेल्वेच्या कुन्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान हाय."

अप्पारावांनी डोक्याकडचा रंग नखाने खरवडला. खाली एक पितळी पट्टी होती. तिच्यावरची इंग्रजी अक्षरे घासून गेली होती. शेवटची दोन तेवढी उरली होती, आणि त्यांवरून कारखान्याचे नाव ठरवणे शहाणपणाचे नव्हते. हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. "कारखाना कोणता, ते मी सांगणार नाही, कारण मला ठाऊक नाही. परंतु या वाद्याची जातच वेगळी आहे."

केशरबाईंचे सूप थांबले.

"आमच्या घरात बसून जात काढली तुमी, मास्तर," त्या म्हणाल्या. "दुसरा शब्द आना."

"कूळ," अप्पाराव ओशाळून म्हणाले.

"ते बी त्याच भावकीतलं."

"प्रकार."

"हां. प्रकार चालंल. कोनता प्रकार?"

"ही हवाईयन गिटार आहे, मामी. मांडीवर घेऊन वाजवतात. बटणांनी नाही, सळईने."

रामकिसन हसू लागला. "दाजी, गिटार म्हंजी मधी भोक असलेली, गळ्यात अडकवायची. सिनेमात बघितली न्हाई का आमी? ह्याला भोक कुठं हाय?"

"भोक नाही, म्हणून तर चुंबक आहे."

"तुमी शब्दानं कशालाबी काहीबी करता. आमचा बेंजो हाय, बेंजोच राहील."

"मग सिद्ध करतो."

"करा की," केशरबाई म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला सारले. "बटनं काढा अन् वाजवून दाखवा. पण मास्तर, सांजेला कार्यक्रम हाय. त्यातून काही निघालं न्हाई तर आख्खी पार्टी मांडवात हात हलवत बसंल. मंग लोकांना तुमचं भाषण ऐकवावं लागंल."

बेबीनंदाने नवऱ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. एक शेवटची संधी होती. अजूनही हसून सोडून देता आले असते. आपणच चुकलो म्हटले असते, तर उद्या सकाळी ही निळी फळी मस्तगडच्या घरात असती.

"पाना आण," अप्पाराव रामकिसनला म्हणाले.

बटणांची चौकट निघाली. तिच्याखाली सहा वर्षे दडलेला लाकडाचा मूळ रंग दिसला. गडद, तांबूस, ठिपक्याठिपक्यांनी सजलेला. रामकिसन हसायचा थांबला. बेंजोच्या जादा तारा त्याच्या डब्यात होत्या. त्यांतल्या दोन चढवून अप्पारावांनी चार तारा केल्या. पेटीवर सूर धरायला रामकिसन बसला. ढोलकी घेऊन आलेल्या संपतने काय चालले आहे ते न विचारता कर्ण्याला बॅटरी जोडली. पार्टीत राहून त्याला इतके कळले होते, की मालकाच्या घरी वाद सुरू असला म्हणजे विचारणारा त्यात ओढला जातो.

अप्पाराव बाजेवरून उतरले, भिंतीशी पाटावर बसले, वाद्य मांडीवर घेतले आणि खिशातून सळई काढली. आता या क्षणाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. खडूच्या रेघांवर त्यांनी जो सराव केला, त्यात एकही स्वर बेसूर लागला नव्हता, कारण खडूच्या रेघा वाजत नाहीत. त्यांनी सळई तारेवर ठेवली, उजव्या हाताने तार छेडली, आणि कर्ण्यातून असा आवाज आला, की गोठ्यातले वासरू दाव्याला हिसका देऊन उभे राहिले.

"निघालं काहीतरी," केशरबाई म्हणाल्या.

"कोनाचं तरी शेपूट सापडलं दारात," संपत म्हणाला.

अप्पारावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पुन्हा छेडले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांच्या ध्यानात आले, की रामकिसनला जे सांगितले ते आपणच करीत नाही आहोत. हात दाबीत होता. पाटावर दाबून चालत असे. त्यांनी मनगट सैल सोडले, सळई तारेवर नुसती टेकवली, पाण्यावर पान टेकावे तशी, आणि ती हळूच पुढे नेली.

स्वर उठला. तो कर्ण्याच्या पत्र्यातून येत होता, तार हलकी होती, हात नवखा होता. तरीही तो तोच होता. षड्जावरून निघाला आणि कुठेही पाऊल न टेकता पंचमापर्यंत गेला. अप्पारावांनी तो परत खाली आणला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी घाम पुसण्याच्या निमित्ताने पुसले.

"पुन्हा करा ते," केशरबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा केले. या वेळी त्या स्वराबरोबर दुसरा एक स्वर निघाला. केशरबाई गात होत्या.

"पाटी घे गं हाती, पोरी, पाटी घे गं हाती..."

रामकिसनचे हात पेटीवर थबकले. नवऱ्याने बांधलेले हे गाणे केशरबाईंनी एके काळी गावोगाव गायले होते. पार्टीत बेंजो आला आणि त्यांनी गाणे सोडले. विचारले, की गळा बसला म्हणत. 'पोरी' या शब्दावर त्यांचा आवाज वर चढून, तिथून लहरत, रेंगाळत, एखादी आई लेकीच्या केसांतून हात फिरवते तसा खाली उतरे. तो उतार कोणत्याच बटणाच्या हाती लागत नसे. आज तो उतार आला, आणि अप्पारावांची सळई त्याच्याबरोबर उतरली. दोनदा मागे राहिली, एकदा पुढे गेली, पण उतरली.

ओळ संपली.

"काय गं माय," बेबीनंदा हलकेच म्हणाली, "तुझा गळा बसला होता ना?"

"गळा न्हाई बसला. बेंजो जिन्यानं उतरतो, अन् मी उतारानं. संग जुळंना. पोराला काय सांगू, तुझं वाद्य बदल म्हणून? त्याचा जीव होता त्यावर." त्या रामकिसनकडे वळल्या. "बटनं परत बसवायची न्हाईत. अन् हे जालन्याला बिलकुल जानार न्हाई."

"न्हाई जानार," रामकिसन म्हणाला. मग त्याने चाचरत मेव्हण्याकडे पाहिले. "पण माय, दाजींना लई आवडलेलं दिसतं. जावयाला आवडलं म्हंजी..."

अप्पाराव वाद्य मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना काही बोलण्याची गरज नव्हती. त्या घरचा कायदा त्यांच्या बाजूने होता. एक शब्द, आणि वाद्य त्यांचे. केशरबाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिले.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्या घरात जावयाला न्हाई म्हणायची रीत न्हाई. मी आज म्हणून राह्यले. हे मी तुमाला देनार न्हाई."

अप्पारावांनी फळीवरचा हात उचलला, परत ठेवला. त्यांच्याजवळ मुद्दे होते. वाद्य ओळखले कोणी, चुलीतून वाचवले कोणी, सळई कोणाची. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. आणि 'पोरी' या शब्दाचा तो उतार त्यांच्या कानात अजून उतरत होता.

"देऊ नका, मामी," ते म्हणाले. "मस्तगडात हे एकटे पडेल."

बेबीनंदा हसली, आणि मग तिला ते हसू आवरेना. "एवढी वर्षं बैलाची वाट बघितली," ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अन् बैल घावला तवा घुंगरंसुद्धा माहेराला देऊन बसले."

"थांबा, थांबा," रामकिसन म्हणाला. "द्यायचं-न्हाई द्यायचं नंतर. आज संध्याकाळी वाजवायचं कोनी? मला तर ह्यातलं ओ का ठो कळत न्हाई."

सगळ्यांच्या नजरा पाटाकडे गेल्या. अप्पारावांनी एका हाताने वाद्य आणि दुसऱ्या हाताने स्वतःला सावरले. "मला तालीम नाही. मला एकच ओळ येते, तीही आत्ता आली. मी आयुष्यात कधी मांडवात..."

"मीबी एकच गानं म्हणनार हाय," केशरबाई म्हणाल्या. "बाकीची रामकिसन पेटीवर काढील. तुमी माझ्याबरुबर या अन् जा. दर रविवारी एसटी हाय जालन्याहून. शिकून घ्याल."

"दर रविवारी?"

"तुमचा अन् वाद्याचा काय तो करार. वाद्य वाटूरला राहील. तुमी येत जा."

चार वाजता टेम्पो आला, आणि त्याबरोबर एक बदल झाला, जो अप्पारावांच्या उशिरा लक्षात आला. एरवी त्यांच्यासाठी पुढे चालकाशेजारची जागा पुसून ठेवली जाई. आज त्या जागेवर बेबीनंदा बसली होती आणि खिडकीतून पाहुणीसारखी बाहेर पाहत होती. बाजेवरची सतरंजी कोणीतरी गुंडाळून टेम्पोत टाकली होती. मांडवात ती पार्टीला बसायला लागणार होती.

"मास्तर," रामकिसन ओरडला, आणि लगेच जीभ चावून थांबला, कारण आजवर त्याने त्यांना दाजीशिवाय हाक मारली नव्हती. मग त्याने मनाशी काहीतरी ठरवले. "पार्टीत नातं चालत न्हाई बरं का. ती बॅटरी उचला. जल्दी."

"ही बॅटरी आडवी ठेवली तर आम्ल सांडेल," अप्पाराव म्हणाले.

"मंग उभी उचला. पण उचला."

त्यांनी बॅटरी उचलली. मग कर्णा उचलला. मग पेटी चढवताना संपतला हात दिला, आणि पांढऱ्या सदऱ्याला लागलेले काळे तेल पाहून कोणीच हळहळले नाही, हे त्यांना मनातून आवडले. शेवटी ते मागे गोणपाटावर बसले आणि गोधडीत गुंडाळलेले वाद्य मांडीवर घेतले. समोर केशरबाई ढोलकीला टेकून बसल्या.

टेम्पो सुरू झाला. गावाबाहेर पडताच केशरबाई गुणगुणू लागल्या. अप्पारावांनी गोधडी बाजूला केली आणि लाकडाला कान लावून, कर्ण्याशिवाय, मुंगीच्या आवाजाएवढा तो स्वर छेडत ते त्यांच्या मागे जाऊ लागले. 'पोरी' वर आला, उतार सुरू झाला, आणि नेमका तेव्हाच टेम्पो फाट्यावर वळला. पेटी संपतच्या अंगावर गेली, अप्पाराव बॅटरीवर गेले, आणि सळई तारेच्या पार टोकाला जाऊन चिरकली.

"सूर गेला," केशरबाई म्हणाल्या.

"वळणामुळे गेला, मामी. टेम्पोचा वेग आणि..."

"वळन रोज येनार हाय. पुन्हा घ्या."

अप्पारावांनी सळई पहिल्या रेघेवर आणली, सासूबाईंचा श्वास भरेपर्यंत थांबले, आणि पुन्हा घेतले.